गोल तंबूचा हिशोब

लाइट बिलाच्या पाठीवर मांडलं सगळं:
कालिंदाचं तिकीट अर्धं, जाईचं अर्धं,
पूर्ण फक्त माझं.
जालन्यापर्यंत साडूचा टेम्पो,
टरबुजांच्या राशीवर बसून, फुकट.

समुद्राकाठी खोलीचे दोन हजार म्हणाले.
मग मुनीरभाईच्या गोदामातून
लग्नांतून बाद झालेलं मंडपाचं कापड आणलं,
एका काठाला कुणाच्या तरी हळदीचा डाग.
मंगोलियात राहतात म्हणे, तसा गोल तंबू,
वाऱ्याला धरायला कोपराच नाही.
बांबू एसटीत घेणार नाहीत. खोडला.
तिथं मिळेल, म्हणून पुन्हा लिहिला: दीडशे.

‘पण वाळूत खुंटी धरती का?’
तीस वर्षं काळ्या रानात मंडप ठोकलेला मुनीरभाई
नुसता डोकं खाजवत राहिला.

म्हणून रविवारी सेलूबाहेर
दुधनेच्या कोरड्या पात्रात गेलो.
ओल लागेपर्यंत, हातभर खोल खुंट्या गाडल्या.
तंबू एका अंगाला कलला, पण राहिला.

जाईनं काठीनं लांब रेघ ओढली:
पाणी इथवर येतंय.

कालिंदा हसली नाही.
तिनं चपला काढल्या,
रेघेच्या अलीकडे नीट ठेवल्या,
आणि साडी घोट्यांच्या वर धरून
पलीकडे गेली.