उत्तेजनार्थ

जळगावात, जुन्या जिनिंगच्या गोदामात भरतं आमचं प्रदर्शन.
कैच्यांतून अजून कापसाचा भुरका उतरतो,
रंग ओला असेल तर चिकटून बसतो.
मागे एका परीक्षकांनी त्यालाच पोत म्हटलं होतं.

माझं काम चिठ्ठ्यांचं.
नाव, गाव, शीर्षक, माध्यम, किंमत.
एकशे बारा चित्रं, एकशे बारा चिठ्ठ्या,
आणि भिंत कुठे खिळा धरत नाही ते लक्षात ठेवणं.

जुबेदा तडवी, पाल, तालुका रावेर.
शीर्षक : कापणी.
माध्यम : केळीचा चीक, मांजरपाटावर.
किमतीचा रकाना मोकळा.

वाटलं, पोरीला शब्द सापडला नसेल.
अठ्ठावीस वर्षं ड्रॉइंग शिकवलेल्या माणसाला
दुसऱ्याचं दुरुस्त केल्याशिवाय चैन पडत नाही.
मी लिहिलं : मिश्र माध्यम.

परीक्षक तिघे, दोन पुण्याचे, एक बडोद्याचे.
भरिताचं आमंत्रण मळ्यात, एक वाजता,
कळण्याच्या पुऱ्या गार होतील म्हणून
शेवटची भिंत जरा भराभर पाहिली गेली.
पहिलं बक्षीस नाशिकच्या गायधनींच्या 'शहर चार'ला,
आठ फूट राखाडी, त्यात एक लाल रेघ.
रेघ चांगलीच होती. खोटं कशाला बोलू.

जुबेदाचं कापड पोत्यात गुंडाळून, अंधारातून आलेलं.
त्यावर तेव्हा काहीच नव्हतं,
म्हणजे ओल सुकल्यासारखं काहीतरी,
पिवळट, कडेकडेला.
एकांनी मान वाकडी करून लांबून पाहिलं.
'धाडसी रिक्तता', कॅटलॉगमध्ये छापून आलं.
उत्तेजनार्थ. दीड हजार आणि प्रमाणपत्र.
आणि जागा पश्चिमेच्या खिडकीसमोर, मोरीशेजारी,
दुपारभर ऊन येतं म्हणून जी कुणी मागत नाही.

चौथ्या दिवशी एक खांदा दिसला.

मी चष्मा पुसला.
पाचव्या दिवशी खांद्यावर घड,
मग घडाच्या वजनाने एका अंगाला गेलेली मान,
मग मागे दुसरा माणूस, तिसरा,
अख्खी रांग, बांधावरून ट्रककडे निघालेली,
तपकिरी, मग त्याहून काळी.
सदरे सगळ्यांत गडद.
तोंडांच्या जागी अजून नुसतं कापड.

चौकटी पोचवायला आलेला एरंडोलचा टेम्पोवाला
'शहर चार'पुढून सरळ चालत गेला
आणि इथे येऊन थांबला.
'हाऊ ते चीक शे भाऊ,' म्हणाला, 'धोयं तरी जात नई.'
स्वतःची बाही पुढे केली.
खरंच होता, तोच रंग, कोपरापर्यंत.

मी पुण्याला फोन लावला.
साहेब म्हणाले, प्रक्रिया रंजक आहे,
पण निकाल आपण त्या दिवशीच्या चित्राला दिला.
बरोबरच होतं त्यांचं.
मलाही पुढे काय म्हणायचं होतं ते आठवेना.
रात्री कुलूप लावायच्या आधी
चिठ्ठी काढली, नवी लिहिली, बोरूने,
शाळेत सुविचार लिहायचो तशी :
केळीचा चीक.
'केळीचा'तला ळ तीनदा बिघडला.

शेवटच्या दिवशी ती एसटीने आली, सोबत धाकटा भाऊ.
चिठ्ठीकडे तिने पाहिलंच नाही.
कापडावर बोट न टेकवता बोट फिरवलं
आणि भावाला म्हणाली, अजून व्हायचंय.
मी विचारलं, तोंडं?
ती उन्हाळ्यात येतात, म्हणाली,
आणि गुंडाळी काखेत मारून
पाकीट न मोजता निघाली.

कॅटलॉगचं पान एकतीस अजून तसंच आहे.
लोक विचारतात, हे छापायचं राहिलं का?
एक प्रत मी त्या खिडकीत उघडी ठेवली आहे,
मार्च सरला, एप्रिल अर्धा गेला.
कागद थोडा पिवळा पडला आहे.
बाकी काही नाही.