अवांतर

हरलो, हे मी आधीच लिहून ठेवलं होतं
फिकट पेन्सिलीनं, समासात,
चौदाव्या षटकात कधीतरी.
छत्तीस वर्षं ही वही लिहिते आहे,
हाताला डोक्याआधी कळतं.

शुक्रवारची संध्याकाळ, डर्बी.
रिंगरोडकडून येणारा वारा,
त्यात डिझेल आणि करपलेला कांदा.
एकशे अठ्ठेचाळीस हवे होते.
अकरा षटकांत दोन बाद ब्याण्णव,
बिअरची रांग पार कुंपणापर्यंत,
पोरं चौकाराच्या पुठ्ठ्यांनी एकमेकांना वारा घालत होती,
आणि मेंढ्याच्या पोशाखातला आमचा नॉर्मन
सीमारेषेवर नाचत होता, गुडघ्यात वात असून.

मग आठ गडी, एकोणतीस धावांत.

सांगण्यासारखं काही नाही त्यात.
कुणालाही चांगला चेंडू पडला नाही.
एक उंच मारून गेला, एक आडवा मारून,
एक धावबाद, जोडीदाराकडे न बघता.
विकेट पडली की तेच चार सेकंदांचं गाणं,
आमची पडली तरी तेच,
बटण दाबणाऱ्याला दुसरं सापडेना.
नॉर्मन शिंगांसकट डोकं काढून
पायरीवर बसला. डोकं शेजारी ठेवलं, तोंड मैदानाकडे करून.

माझ्या शेजारी क्लाइव्ह, पाहुण्यांचा गुणलेखक.
अख्ख्या मैदानात एकमत काय ते आम्हा दोघांचं.
चार? चार.
बाद? बाद.
तो आनंद दाखवत नाही, मी दुःख दाखवत नाही,
या खोलीची रीतच आहे ती.
नवव्या विकेटला मात्र
त्यानं त्याचा थर्मास माझ्याकडे सरकवला.

सगळे बाद एकशे एकवीस. सव्वीस धावांनी.
बेरीज जुळली, पण ताळा जमेना.
त्याच्या वहीत अवांतर सहा,
माझ्या वहीत सात.

एकेका खांबावरचे दिवे विझत गेले.
झाडूवाला खालून ओरडून गेला.
लॅपटॉप म्हणाला सहा, पण लॅपटॉपला मी विचारत नाही.
आम्ही चेंडू चेंडू मागे गेलो,
चष्म्याची काच वहीला टेकवून,
आणि सापडली ती,
अठराव्या षटकाचा चौथा चेंडू.

कॅलम व्हील्डन. वय एकोणीस, बेल्परचा.
पहिलाच सामना, अकराव्या क्रमांकावर,
हेल्मेट जरा मोठंच.
चेंडू मांडीला लागला का बॅटला, देव जाणे,
पोरगा सुटला नुसता.
मी लेगबाय लिहिली.
खरं सांगते, मला वाटलं, हा काय मारणार.

पंच गाडीच्या डिकीत बसून मोजे बदलत होते.
बॅटची कड, म्हणाले.
मी गुडघ्याला हात लावलाच नव्हता, बेरिल.

खरंच. नव्हता लावला.

खोडरबरानं कागद झिजला थोडा.
सातचे सहा केले.
शून्याच्या जागी एक लिहिला, नाबाद.
हार तेवढीच राहिली, सव्वीसची,
उद्याच्या पेपरात दोन ओळींची,
तिला कुठे काही झालं नाही.

गाडीतळावर एकच व्हॅन उरली होती,
टपावर शिडी, दारावर नळाचं चित्र.
पोरगा पुढच्या सीटवर, पट्टा लावून,
मांडीवर हातमोजे.
मी काचेवर टकटक केलं.
तुझी एक धाव आहे, म्हणाले, चुकून माझ्याकडे राहिली होती.

मग आपल्या किती झाल्या?
तेवढ्याच.

त्यानं मान हलवली, समोर बघत राहिला.
बापानं मात्र इंजिन बंद केलं,
वाकून माझ्याकडे बघत विचारलं,
कुठल्या चेंडूवर?