नाक किंचित खाली

बेतूलच्या सड्यावर अकरा वाजेपर्यंत
वारा कुणाचाच नसतो.
मग समुद्राकडून येतो. आधी गवताला कळतं,
मग रिमोटच्या अँटेनाला बांधलेल्या लाल लोकरीला,
आणि शेवटी कायतानबाबला,
कारण ते टोपीत मान घालून
पंखाचा रबर ताणत असतात.

सकाळची मिसा आटोपून आम्ही स्कूटरवरून येतो,
पंख जुन्या चादरीत, धड माझ्या मांडीवर.
नाक्यावरच्या पोलिसाने एकदा विचारलं, हे काय?
"पेशंट," म्हणाले, "शेपटीचा."
नाव ठेवलेलं नाही तिला.
नावं होड्यांना असतात, म्हणतात,
त्या परत येतात.

मी फेकते. एवढंच माझं काम.
एरवी कुंकळ्ळीला पंचायतीत दाखले लिहिते.
त्यांचा उजवा खांदा वास्कोच्या गोदीत राहिला,
बत्तीस वर्षं जहाजांच्या पोटात
डोक्यावर हात धरून वेल्डिंग.
आता हात कानापर्यंत येतो आणि थांबतो.
शाळेत मी तालुक्याला भाला फेकायचे
म्हणून मला निवडलं,
आणि पहिल्याच रविवारी कळलं
की भालाच आड येतोय.
"मारूं नाका गो! दी तिका, वाऱ्याक दी!"
तोवर तिचं नाक जांभ्यात घुसलेलं.
भाला विसरायला दोन महिने लागले.

पंखाखाली पेन्सिलची खूण.
तिथे दोन बोटांवर तोलून बघायची.
तीस पावलं लांब जायचं
आणि शेपटी हलते का, कुठल्या बाजूला, ते ओरडायचं.
सर्वो कपाटातल्या झुरळासारखे कुरकुरतात.
मग मोटर. मिटलेली पाती उघडते
आणि मनगटाला तिची ओढ लागते,
बाजारात पोर पुढे ओढतं तशी.
धावायचं नाही. चार पावलं.
नाक किंचित खाली.
हात उघडायचा.
रिकामा झालाय हे हातालाच
सगळ्यात उशिरा कळतं.

गेल्या रविवारी ती वर गेली ती गेलीच.
मोटर बंद, पाती अंगाला चिकटलेली,
सड्याच्या कडेला वारा भिंतीसारखा उभा
आणि तिथे एक घार आधीपासून.
दोघी एकाच अदृश्य विहिरीच्या कडेने फिरू लागल्या,
घार आतून, आमची बाहेरून.
खाली साळ नदीचं मुख, ट्रॉलर, बर्फाचा टेम्पो,
त्या सगळ्यावरून तिची सावलीसुद्धा पडत नव्हती.

"खंय आसा?" त्यांनी विचारलं.
मी म्हटलं, घारीच्या मागे.
"घार खंय?"
तेव्हा कळलं. मोतीबिंदू पिकायची वाट बघताहेत,
आणि मला सांगितलं नव्हतं.
मग मी बोलत राहिले, त्यांचे अंगठे ऐकत राहिले.
डावीकडे. अजून. सरळ. आता आपल्याकडे वळली.
समोरून येताना डावं उजवं होतं,
हे मला माहीत होतं आणि मी विसरले.
डावा पंख पडतोय, ओरडले मी,
पण तो माझा डावा होता, तिचा नव्हे.
ती भोवरत खाली, समुद्राकडे.
"बाय, तुझें दावें सोड. खंयचो पाखाटो सकयल?"
मी हात वर करून दाखवला. हा.
हात त्यांना दिसला.
त्यांनी काडी पडत्या पंखाखाली नेली,
उशी सरकवावी तशी.

उतरली ती काजूंच्या अलीकडे, गवतात, पोटावर.
पंखावरच्या भुऱ्या चिकटपट्टीवर आणखी एक पट्टी.
बॅटरी काढली तर कोमट,
कोंबडीखालून काढलेल्या अंड्याइतकी.
"किती मिनिटं?"
एकोणीस, मी म्हटलं. खरं तर सोळा.
त्यांनी वहीत एकोणीस लिहिलं,
डोळ्यांपासून वही लांब धरून,
आणि पुढची ओळ रिकामी सोडली.