हातचे दोन

सभागृहातलं घड्याळ चार मिनिटं पुढे आहे.
दुरुस्तीची तरतूद दोन वर्षांपूर्वी वगळली,
तेव्हापासून आमचं शहर
प्रत्येक ठराव थोडा आधीच मंजूर करतं.

बाहेर उणे सत्तावीस. सरोवर गोठून मुकं.
मी उपलिपिक. इतिवृत्त माझ्याकडे:
कोण बोललं, अनुमोदन कोणाचं.
डुलकी कोणी काढली ते लिहायचं नसतं.

आधी बर्फ. चाळीस मिनिटं नुसता बर्फ:
कुठल्या गल्लीत गाडी पहिली,
किती इंच साचल्यावर,
मीठ की वाळू.
नगरसेवक डॉर्व्हल बोकाज म्हणाले, वाळू.
त्यांच्या आईचा खुबा मार्चमध्ये मोडला
हे सगळ्यांना ठाऊक,
म्हणून कोणी वाद घातला नाही.

मग स्केटिंगच्या मैदानाचं छप्पर.
मग वाचनालयाचा गुरुवार.
एक अख्खा गुरुवार टेबलावर,
नुकत्याच काढलेल्या माशासारखा,
आणि सगळे बघतायत सुरी कोणाकडे आहे.

इर्या सारेला उठल्या. वय ऐंशीच्या पुढे,
कोटाची बटणं एक घर चुकलेली.
नागरिकाला पाच मिनिटं मिळतात.
त्यांनी दोन वापरली.
उरलेली तीन नुसत्या उभ्या राहिल्या,
माइकवर त्यांचा श्वास ऐकू येत होता.
गुरुवार वाचला.

आता वाचलेल्या गुरुवारचे पैसे कुठून तरी हवेत.
कोषाध्यक्ष प्रूट यांनी पान एकशे बारा उघडलं.
लेखाशीर्ष: बेवारस मृतांचे अंत्यसंस्कार.
अंदाजित संख्या: अकरा.

“अकरा जास्त वाटतात,” कोणीतरी म्हणालं.
दुष्टपणाने नाही.
समारंभाला खुर्च्या जास्त मागवल्या
तर म्हणतात ना, त्या आवाजात.
गेल्या वर्षी आठ. त्याआधी दहा.
सरासरी काढली.
हात वर झाले, मी मोजले, सात विरुद्ध दोन.
अकराचे नऊ झाले.

याला तोंडमिळवणी म्हणतात.
जमेचं तोंड खर्चाच्या तोंडाला लावायचं.
ज्यांचं तोंड शेवटचं बघायला कोणी येत नाही
ते मधल्या फटीत
बेताने बसतात.

शाळेत बाई ओरडायच्या, हातचे विसरू नका.
मी बोटं दुमडून ठेवायची.
आजही दुमडली, टेबलाखाली, कोणाला न दिसता.
हातचे दोन.

ते दोघे या क्षणी जिवंत आहेत.
एक असेल बंदराजवळच्या भाड्याच्या खोलीत,
डब्यातलं सूप डब्यातच गरम करत.
दुसरा दर गुरुवारी वाचनालयात येत असेल,
उबेला,
जहाजांच्या जुन्या नोंदवह्या पुढ्यात उघडून
पान न उलटता बसत असेल.
त्याला विचारलं असतं
तर त्यानेही गुरुवारच मागितला असता.
म्हणून मला कोणावर रागावता येईना.
मी लिहिलं: नऊ. बहुमताने.

महापौरबाईंनी हातोडी आपटली.
टाळ्या. कॉफी संपलेली.
शहराचं वर्ष चार मिनिटं आधी मंजूर.

खाली दाराशी इर्याबाई बसची वाट बघत होत्या.
“झालं का पास?”
“झालं.”
“आणि गुरुवार?”
“राहिला.”
“मग बरं.”
शेवटची बस नऊ चाळीसची होती.
तीही मागल्या अर्थसंकल्पात गेली,
त्या विसरल्या होत्या. मी नाही सांगितलं.
म्हटलं, चला, माझ्याच वाटेवर आहे.
नव्हतं.

गाडी तापायला वेळ लागला.
दोघी समोर बघत बसलो,
काचेवरचा बर्फ खालून वर वितळताना.

घरात दिवा नव्हता.
पायरीवर वाळू होती, मीठ नव्हतं.
त्यांना पिशवीत किल्ली सापडेपर्यंत
मी हेडलाइट चालू ठेवले.