नळाला आलेल्या मुंग्या

लेम्पी हार्यू म्हणाली, नळाला मुंग्या आल्यात.
बशीत कॉफी ओतत म्हणाली,
जणू वय नळाचंच झालं होतं.
भांडी घासताना बोटांत बारीक झिणझिण,
आणि संध्याकाळी स्वयंपाकघरातला दिवा
भडकतो, तेव्हाच बैठकीतला मलूल होतो.
"आर्व्हो असता तर..." एवढं बोलून थांबली.

एइनो राउतिओ पुढे, मी मागे, मीटर घेऊन.
शिकाऊ पोरीची जागा नेहमी मागे, आणि तळघरात.
पॅनेलमधून निघालेली तांब्याची उघडी तार
पाण्याच्या लोखंडी नळीला पितळी पट्टीनं जखडलेली,
गंज घासून, स्क्रू पिळून. आर्व्होचा हात.
नळी तिथून वावभर गेली
आणि भिंतीपाशी निळी झाली.

प्लास्टिक.

जुलैत नगरपालिकेनं रस्ता खणला, बुजवला,
दारात पत्रक टाकलं: पाणी आता अधिक शुद्ध.
शुद्धच होतं.
घराचा जमिनीशी संबंध तेवढा तुटला होता,
तो पत्रकात नव्हता.

एइनोनं मीटर पाहिला,
मग बाहेर येऊन छप्पर, जिथे खांबावरच्या तारा उतरतात.
"न्यूट्रल कुजलाय. आजचा नाही, दहाएक वर्षांचा."
म्हणजे दहा वर्षं परतीची वीज
त्या नळीतून निमूट जात होती,
शेजाऱ्यांच्या नळीत, त्यांच्या धड तारेवर,
खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत.
नळीनं कधी कुरकुर केली नाही.

मी विचारलं, गज ठोकला की झालं ना?
मातीत गेली की वीज शांत?
"मातीत तिचं कोण आहे?" एइनो म्हणाला.
"निघाली तिथे परत जाते ती, माहेरी.
वाट धड असेल तरच ब्रेकर पडतो.
गज असतो आभाळातून पडणाऱ्या विजेसाठी."

मेन पाडला. रात्र मेणबत्तीवर गेली.
सकाळी कंपनीचा माणूस शिडी लावून चढला,
वीस मिनिटांत दहा वर्षं सांधून उतरला.

गज मात्र जाईना.
हे तांब्याच्या खाणींचं गाव.
लेम्पीच्या आजोबांनी याच खडकातून, मैलभर खालून,
तांबं वर काढलं;
आम्ही आठ फूट परत देत होतो
आणि खडक घेत नव्हता.
सरळ ठोकला, तीन फुटांवर ठण्ण.
तिरका ठोकला, पुन्हा ठण्ण.
शेवटी अडीच फूट खोल चर खणून आडवाच निजवला,
दुसरा सहा फूट पलीकडे, रूबार्बच्या वाफ्याखाली.
"खणा," लेम्पी म्हणाली, "रूबार्ब मरत नाही."
गजही वरवरच तांब्याचे, आतून पोलाद.

गॅरेजच्या पॅनेलमध्ये आर्व्होनं
न्यूट्रल आणि अर्थ पुन्हा एकत्र बांधलेले.
एइनोनं ते सोडवले.
"हे दोघं एकदाच बांधायचे, मुख्य पॅनेलमध्ये.
दुसऱ्यांदा बांधले की परतीची वीज
पत्र्यावरून, पाइपांवरून, कुठूनही फिरते."
"दोनदाच बांधणार तो," लेम्पी म्हणाली.
"बुटांच्या नाड्यासुद्धा."

इन्स्पेक्टर डोरीन ट्रेगिअर आली,
चर बुजवण्याआधी उकिडवी बसली,
क्लॅम्प दोनदा हिसडला, हिरवा स्टिकर डकवला
आणि रूबार्बचे चार दांडे घेऊन गेली.

मग लेम्पीनं नळाला हात लावला.
आधी बोटाच्या मागच्या बाजूनं, मग तळव्यानं.
"काही नाही," म्हणाली.
जुलैपासून तो नळ रोज काहीतरी बोलत होता तिच्याशी.
"काहीच नाही,"
आणि तसाच धरून राहिली, कॉफी उतू जाईपर्यंत.