सीट साडेअडतीस

पवननगरच्या गाळ्यात बावीस वर्षं
माझ्या गळ्यात टेप.
छाती, कंबर, सीट, मुंढा, उंची :
अर्ध्या सिडकोच्या बायका
माझ्या वहीत आकडे होऊन बसल्यात.

टेप लावली की बाई श्वास आत ओढते.
प्रत्येक बाई.
खैरनार मॅडम तर डोळेही मिटतात.
मी घाई करत नाही. मुलाच्या परीक्षेचं विचारते,
पाणी किती वाजता येतं ते विचारते,
श्वास सुटला की मग लिहिते.

माझं माप कोण घेणार?
बसून बसून मागचं सगळं सपाट,
स्टुलाच्या फळीसारखं,
आणि पुढे पोट, मशीनच्या कडेला टेकलेलं.
पाठ धरली त्या आठवड्यात
फॉल-पिकोला साडी घेऊन आलेली केतकी गायधनी म्हणाली
(फिजिओथेरपीचं शेवटचं वर्ष),
“काकू, तुमचे ग्लूट्स झोपलेत.”
मी म्हटलं, कोण?
तिनं स्वतःच्या मागे थाप मारून दाखवलं.

या जागेला आपल्यात धड नाव नाही.
एक आहे ते शिवीत जातं,
दुसरं लेण्यांतल्या मूर्तींसाठी राखून ठेवलेलं.
माझ्याकडे होतं ते शिंप्याचं.
सीट.
चाललं की.

तेव्हापासून पहाटे साडेपाचला पांडवलेणी.
खाली हायवेवर ट्रकांचे दिवे,
कठड्याचं लोखंड बोटांना चावतंय.
“टाच रोवा काकू, गुडघ्यानं नाही, मागून उचला.”
बागूल वहिनी नऊवारीवर मुलाचे बूट घालून पुढे,
मी सोळाव्या पायरीवर देवाचं नाव घेत.
वर सतरंजी. उताणं पडून
कंबर आभाळाकडे उचलायची,
वर थांबायचं, आवळायचं, मोजायचं.
पहिल्या दिवशी मी पोटावर ओढणी घेतली होती.
बघायला होतं कोण? एक कुत्रं,
आणि अंबडची रात्रपाळी सुटून आलेला एक पोरगा,
तोही मोबाइलात.

“पोटाचे व्यायाम केले म्हणून पोटाचीच चरबी जात नाही,”
केतकी म्हणाली, “कुठून जायचं ते शरीर ठरवतं.”
हे पटायला मला महिना लागला.
जन्मभर मी नको तिथलं कापूनच दिलंय.

“पन्नाशीला कुणाला दाखवायचंय?” हे म्हणाले,
पेपरातून मान न काढता.
मी भरलेला सिलिंडर बसून, टाच रोवून उचलला
आणि त्यांच्या पायाशी ठेवला.
पाय तेवढे वर घेतले त्यांनी.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी
शटर अर्धं ओढून आरशासमोर उभी राहिले.
टेप फिरवली
आणि श्वास आत ओढला. मीसुद्धा!
हसू आलं. मग स्वतःलाच विचारलं,
काय गं, पाणी किती वाजता येतं?
श्वास सुटला.
कंबर : अर्धा इंच कमी. तीन महिन्यांत अर्धाच.
सीट : साडेअडतीस, एक इंच जास्त.
नव्या पानावर नाव घातलं, कुमुद,
आणि खाली तारीख.

मग स्वतःसाठी ट्रॅकपँट बेतली,
निळी, दुहेरी शिवणीची.
आत दोन बोटं माया सोडली.
घटले तर आत घेईन,
वाढले तर उसवीन.

उद्यापासून पाठीवर वजन घेऊन चढायचंय म्हणे.
पाच किलो इंद्रायणी
पिशवीत भरून दाराशी ठेवलाय.