मैलकुली

माझ्या बापाच्या नावावर पाच मैल होते.
सातबारा नव्हता त्यांचा, हजेरीपट होता:
धाकू नारायण पेडामकर, मैलकुली,
मैल तेरावा ते सतरावा, आग्रा रोड.
फावडं एक, घमेलं एक, खराटा एक,
गेरूचा डबा, चुन्याची बादली,
आणि काळ्या रंगाची बाटली, आकड्यांसाठी.

रस्ता कुठून निघतो ते त्याला ठाऊक होतं,
कोटातल्या चर्चच्या पायरीपासून मोजतात म्हणे.
कुठे जातो ते दगड सांगत.
तो स्वतः कळव्याच्या खाडीपलीकडे कधी गेला नाही.
"आग्र्याला काय आहे?" मी विचारायचे.
"दगड असेल," तो म्हणायचा,
"त्याच्यावर मुंबई लिहिलेली."

भांडुपच्या वळणावर तिमव्वा खडी फोडायची,
मांडीखाली पोतं, बोटांना सायकलच्या ट्यूबच्या चिंध्या.
तिच्या सासऱ्यानं म्हणे नुसता मुरूम पाहिला होता इथे,
आणि त्याच्या बापानं बैलांची रांग,
घाटावरून उतरणारा कापूस,
घाटावर चढणारं मीठ.
"साहेब गेला, टोपीवाले आले," ती म्हणायची,
"खडी दीड इंचीच."

मग एका उन्हाळ्यात किलोमीटर आले.
हापिसातून कागद आला, पाठोपाठ रंग.
बापाला अक्षर आकड्यांपुरतंच यायचं,
तो जीभ बाहेर काढून दिवसभर बसला.
सकाळी नाशिक एक्क्याण्णव होतं,
संध्याकाळी एकशे सेहेचाळीस.
कोंडाबाईची लेक ओझरला दिलेली.
ती आली, दगडासमोर उभी राहिली,
कुणाकडून तरी वाचून घेतलं, आणि म्हणाली,
"धाकू, माझी पोर लांब नेलीस की रे."
"रस्ता तेवढाच आहे गं, आकडा वाढलाय."
"आणि तिकीट?"
बापाकडे ह्याला उत्तर नव्हतं.
त्या रात्री तो जेवला नाही नीट.

एकदा ग्वाल्हेरकडचा एक ड्रायव्हर, रामसनेही,
टायर फुटून आमच्या पंधराव्यावर अडकला.
बापानं कंदील धरला, जॅकखाली दगड लावला.
तीन महिन्यांनी तो परत आला, हातात पेठ्याचा डबा.
बापानं एक तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ चघळला.
"एवढ्या लांबचं," म्हणाला,
"आणि नुसतं गोड."

मग महामार्ग पलीकडून गेला, मिठागरांच्या अंगानं.
आमच्या रस्त्याचा नंबर काढून घेतला
आणि त्याला मोठ्या माणसाचं नाव दिलं.
ट्रक नावाला भुलत नाहीत.
कारखान्यांचे भोंगे एकेक करून बसले,
त्यांच्या जागी उभ्या राहिल्या इमारतींच्या दारावर
आता परदेशातल्या गावांची नावं आहेत.
पोस्टमन मात्र अजून आग्रा रोडच म्हणतो,
आणि मी.

बाप गेला तेव्हा हजेरीपट कधीच बंद झाला होता.
झाडांच्या बुंध्यांवरचा गेरू
आणखी दोन पावसाळे टिकला,
मग झाडंही.

हल्ली पत्ता मेट्रोच्या खांबावरून सांगतात.
त्याच्याच पायाला खणताना एक दगड वर आला.
मशीनवाला पोरगा शिरपूरचा, नाव हिरालाल.
"आजी, तुमचा आहे का?"
मी नखानं खरवडला.
पांढरा, खाली काळा, खाली पांढरा,
पुन्हा काळा; किती वर्षं तो हेच करत होता.
सगळ्यांत तळाशी छिन्नीचा पंधरा,
त्यातला पाच जरा वाकडा.
हा माझ्या बापाचा नव्हता. त्याच्या आधीचा कुणी
जीभ बाहेर काढून बसला असणार.

हिरालालनं विचारलं, ट्रॉलीत टाकू का?
मी म्हटलं, थांब.
पण माझं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद,
आणि दगड चार माणसांचा.

तो आता चहावाल्या इस्माईलच्या टपरीला आहे,
त्याच्यावर स्टोव्ह, स्टोव्हवर किटली.
आग्र्याची बाजू भिंतीकडे गेली.
मुंबईची बाजू बाहेर,
तिच्यावर लोक बिडी विझवतात.